अनसाबाई आणि सुटा दोरा

अनसाबाईंच्या दुकानात जमिनीवर दोरा सापडत नसे. शिवणकाम करणाऱ्या माणसाच्या पायाशी चिंध्यांचे आणि दोऱ्यांचे एक लहानसे रान माजलेले असते. बीडमध्ये मी ज्या ज्या शिंप्यांकडे पोलकी टाकली, त्या सगळ्यांकडे ते होते. बीडजवळच्या पालीला राहायला आल्यावर मी पहिल्यांदा अनसाबाईंच्या खोलीच्या उंबऱ्याशी उभी राहिले, तेव्हा आतली शहाबादी फरशी नुकतीच पुसलेल्या पाटीसारखी मोकळी होती. मशीनच्या तेलाचा कोमट वास येत होता, कोऱ्या कापडाच्या खळीचा वास येत होता. बाई शिवत होत्या. शिवण संपली. त्यांनी दोरा दातांनी तोडला, उरलेले वीतभर टोक अंगठा आणि करंगळी यांच्यात चाराच्या आकड्यासारखे गुंडाळले आणि हाताशी ठेवलेल्या बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात टाकले. मग मान वर केली.

"या म्याडम. डावा खांदा उतरलाय तुमचा. पर्स त्याच खांद्याला आडकवताव ना?"

अजून त्यांनी माझे नावही विचारले नव्हते, टेप गळ्यातच होती.

मी महाविद्यालयात मराठी कविता शिकवते. एका शब्दामागे दडलेला दुसरा शब्द हुडकणे हे माझे काम, आणि पाहण्याची कला आपल्याला अवगत आहे असा माझा समज होता. त्या दिवशी पोलक्याच्या मापाबरोबर त्या समजाचेही माप निघाले. अनसाबाईंचा हेवा मला तेव्हापासून वाटू लागला, आणि तो पुढे वाढतच गेला.

त्यांच्या आयुष्याची सगळी हकिकत मला ठाऊक नाही. नवरा फार पूर्वी गेला, एक मुलगी चकलांब्याला दिली, मशीन माहेरचे, एवढेच. पण त्यांच्या सवयी मला पाठ होत्या. चहा बशीतच प्यायच्या आणि बशी खाली ठेवण्याआधी तिच्या तळाशी एकदा पाहायच्या. दोन चष्मे बाळगायच्या, एक नाकावर आणि एक केसांत, आणि हरवलेला चष्मा शोधताना तिसरा कुणाचा तरी उचलायच्या. गिऱ्हाइकाने घाई केली तर म्हणायच्या, "कपडा शिवायलेय, भाकर थापायले न्हाई." आणि जमिनीवर दोरा दिसला, मग तो दुकानातला असो वा देवळाच्या पायरीवरचा, त्या वाकायच्याच. कुणी हसले तर त्यांचे एकच वाक्य ठरलेले होते: "दोऱ्याला डोळे नसतेत. ज्याला हायत, त्यानं बघावं."

हे वाक्य माझ्या एखाद्या कवितेत असते तर मी धन्य झाले असते. अनसाबाई ते नाक शिंकरावे तितक्या सहज बोलून जात.

आमचे घर बिंदुसरा धरणाच्या अंगाला. उन्हाळ्यात पाणी मागे सरकले की काठाचा गाळ तडकतो आणि त्याला शेवाळ, शिंपले व कुजलेल्या मासळीचा एक उग्र, तरीही ओढ लावणारा वास येतो. रविवारी बीडकडून हौशी मंडळी गळ घेऊन येत. कणकेचे गोळे, कोंबडीची आतडी, नायलॉनचा पारदर्शक दोरा, ज्याला इकडे सगळे तंगूस म्हणतात. संध्याकाळी मंडळी परतत आणि तुटलेला तंगूस, गळासकट, बेशरमाच्या झुडपांत व बाभळींच्या काट्यांत तसाच राहत असे. अनसाबाई दुकान बंद करून चार वाजता काठावर जात. त्या नेहमी सूर्याकडे तोंड करून चालत. एकदा मी विचारले, डोळ्यांवर ऊन घेऊन का चालता?

"तंगूस पाठीमागच्या उन्हात दिसत न्हाई. समोरून तिरपं ऊन आलं की कसा चमकतो बगा. तवाच सापडतो."

तंगूस त्या रिकाम्या रिळांवर गुंडाळत आणि घरी आणून कात्रीने त्याचा भुगा करत, मग तो उकिरड्यावर गेला तरी कुणाच्या पायात अडकायचा नाही. गळ एका औषधाच्या बाटलीत. बाटलीचे झाकण घट्ट. हे काम त्यांना कुणी सांगितले नव्हते आणि त्या कुणाला सांगत नव्हत्या.

मीही काठावर फिरायला जात असे, सूर्याकडे पाठ करून. पण एका सकाळी परतताना मला एका बाभळीच्या शेंड्यावर रुपेरी रेघ दिसली. वारा आला की ती थरथरे, नाहीशी होई, पुन्हा उजळे. मी आठ दिवस ती पाहायला गेले. तिच्यावर मी कविता लिहिली, पाण्याने आकाशाला टाकलेला टाका अशी प्रतिमा होती तिच्यात, आणि बीडच्या एका काव्यमैफलीत तिला चांगली दाद मिळाली. त्या आनंदात मी दुसऱ्या दिवशी अनसाबाईंना मुद्दाम त्या वाटेने घेऊन गेले. शिवणाऱ्या बाईला टाक्याची प्रतिमा कळेल, असे मला वाटले होते. खरे सांगायचे तर एकदा तरी त्यांनी माझ्या नजरेने पाहावे, अशी माझी इच्छा होती.

बाभळीवर वंचक लटकत होता. धरणाकाठी मातीच्या रंगात मिसळून उभा राहणारा, उडाला की एकाएकी पांढरा होणारा तो लहान बगळा. एक पंख रुपेरी रेघेत अडकून मुळापासून पिळला होता, आणि तो मेला होता तरी वाऱ्याने हलत होता. त्याच्या पिसांना अजून पाण्याचा वास होता.

अनसाबाईंनी पदर खोचला, काठीने फांदी खाली ओढली, पक्कड काढली. पक्षी सोडवून गाळावर ठेवला. मग दोरा चिमटीत धरून उन्हासमोर पाहिला.

"जुना हाय. उन्हानं कडक झालाय. सात-आठ दिसाचा तरी असंल. कुणाच्या नदरंला कसा पडला न्हाई म्हणावं!"

माझी कविता त्यांनी रिळावर गुंडाळली आणि आम्ही परतलो.

गळवाल्या मंडळींशी त्या भांडत नसत, त्यांची थट्टा करत, आणि ती थट्टा भांडणापेक्षा जास्त लागे. एका रविवारी दोन तरुण मोटारसायकलवर बसून निघाले होते. अनसाबाई त्यांच्या समोर जाऊन उभ्या राहिल्या, हातात तंगुसाचे भेंडोळे.

"दादा, तुमचं राहिलं की हितं."

"ते तुटलेलं हाय, मावशी. टाकून द्या."

"टाकायचंच व्हतं तर घरी टाकायचं. बायकोच्या पायात घालून बगा, कशी नाचती ते."

मागे बसलेला हसू दाबत म्हणाला, "चल बे, मावशीच्या नादी नको लागू."

"नादी लागा की! पुढल्या ऐतवारी या, दोघांच्या खिशाला चेन बसवून देते. दोरा आत, चेन बंद."

पुढच्या रविवारी ते खरोखर आले आणि जाताना तुटका दोरा त्यांनी आपणहून अनसाबाईंच्या हातात दिला. मी त्याआधी काठावर सुवाच्य अक्षरांत एक फलक लावला होता, पाखरांविषयीच्या चार ओळींचा. त्यावर कुणीतरी ओला टॉवेल वाळत घातला होता.

आता रेवडीविषयी सांगायला हवे. रेवडी ही माझी कुत्री. तिळाच्या रेवडीच्या रंगाची, एका कानाला कात्री लागल्यासारखी खाच असलेली. रस्त्यावरून आणून बाटलीने दूध पाजून मी तिला वाढवले. ती माझ्या पायांशी झोपे, माझ्या हातचे खाई, आणि दुपारी मात्र फाटक ओलांडून अनसाबाईंच्या उंबऱ्यावर जाऊन बसे. अनसाबाईंना कुत्री मुळीच आवडत नसत.

"हाड! म्याडम, घेऊन जा हिला. माझ्या कापडाला केस चिटकतेत, वास येतो."

रेवडी उंबऱ्याबाहेर दोन पंजे, उंबऱ्याच्या आत फक्त नाक, अशी बसून राही. आपल्याला नकोसे मानणाऱ्या त्या बाईकडे ती ज्या नजरेने पाही, ती नजर तिने मला कधी दिली नाही. मी तिला बिस्किटे दाखवून बोलवत असे. ती यायची, बिस्किट खायची आणि परत जायची.

एका दुपारी ती ओठात गळ घेऊन आली. वरच्या ओठातून लोखंडी टोक आत शिरलेले, लाळ गळत होती. मी हात लावला की ती गुरगुरे. मला, जिने तिला बाटलीने वाढवले तिला. अनसाबाईंनी मशीनवरचे कापड उचलले, माझ्याच पोलक्याचे होते ते, रेवडीच्या डोक्याला गुंडाळले आणि फरशीवर मांडी घालून तिला मांडीत घेतले. रेवडी गप्प झाली. गळाला टोकाशी एक उलटा काटा असतो. मागे ओढला की तो मांस फाडतो. अनसाबाईंनी गळ मागे ओढलाच नाही. आला होता त्याच दिशेने पुढे ढकलला, काटा ओठातून बाहेर आला, पकडीने तोडला आणि मग गुळगुळीत उरलेला दांडा अलगद मागे काढला. टाका उसवावा तसा.

"मागं वढायचा न्हाई," त्या म्हणाल्या. "आन् एक ध्यानात ठिवा म्याडम. तोंडातून नुसता दोरा लोंबताना दिसला, म्हंजी गळ पोटात गेलाय. मग मला बी बोलवू नका. दोरा वढायचा न्हाई, तोडायचा न्हाई. पट्ट्याला ढिला बांधायचा आन् नीट बीडला, डॉक्टरकडं. काय म्हणलं मी?"

"ओढायचा नाही, तोडायचा नाही," मी विद्यार्थिनीसारखी म्हणाले.

"हां. आता घेऊन जा हिला. सगळी मांडी भरवली लाळेनं."

रेवडी जायला तयार नव्हती. मी तिला उचलून नेले.

पुढच्या उन्हाळ्यातली गोष्ट. दुपारचे तीन वाजले होते, आवारातल्या कडुनिंबाखाली सावलीचा लहानसा तुकडा उरला होता. रेवडी काठावरून आली. तिच्या तोंडाच्या कोपऱ्यातून हातभर तंगूस लोंबत होता. मी व्हरांड्यात वाचत होते. ती माझ्या समोरून गेली. माझ्याकडे पाहिलेही नाही, फाटकाकडे गेली, अनसाबाईंच्या दुकानाच्या दिशेने, आणि फाटक बंद असल्यामुळे तिथे उभी राहून पंज्याने ते खरवडू लागली.

काय करायचे ते मला माहीत होते. ते वाक्य मला तोंडपाठ होते. पण दुखणे आल्यावर आपले जनावर कुणाच्या दाराशी जाते हे पाहताना माझ्या छातीत जे उसळले, त्याला नाव द्यायला मी कवितेकडे जाणार नाही. तो हेवा होता, साधा आणि आंधळा. मी हिला बरी करीन, असे मी ठरवले. आज कुणाची मांडी लागणार नाही. मी रेवडीला गुडघ्यांत धरले, दोरा बोटाला गुंडाळला आणि ओढला.

तंगूस ताणला. रेवडीच्या घशातून जो आवाज आला तो मी लिहीत नाही. मी पुन्हा ओढला. दोरा माझ्या तर्जनीत रुतला आणि तटकन तुटला. त्याचे दुसरे टोक रेवडीच्या आत गेले. तिच्या लाळेत रक्ताची एक बारीक गुलाबी रेघ दिसली.

मग मी तिला उचलून अनसाबाईंकडे धावले. माझ्या यजमानांनी गाडी काढली.

अनसाबाईंनी रेवडीचे तोंड उघडून आत पाहिले. "दोरा कुठाय?"

"तुटला."

"कसा तुटला?"

"तिनेच... पंज्याने ओढला असेल."

अनसाबाईंनी माझ्याकडे पाहिले. मग त्यांची नजर खाली माझ्या हाताकडे गेली. तर्जनीभोवती केसाएवढी बारीक, लालबुंद, पूर्ण गोल अशी एक रेघ होती. दोऱ्याचे काम ज्यांनी आयुष्यभर केले, त्यांना ती रेघ वाचायला कितीसा वेळ लागणार? कापडाला केस चिकटतात म्हणणाऱ्या त्या बाई गाडीत मागे बसल्या आणि बीडपर्यंत रेवडीला मांडीवर आडवी घेऊन राहिल्या. वाटेत त्यांनी पदराच्या टोकाला बांधलेली हळदीची पुडी सोडली आणि न बोलता माझ्या बोटाला हळद लावली. तिचा कडवट, पिवळा वास गाडीभर पसरला. रेवडीचे डोळे त्यांच्याकडे होते. तशा स्थितीतही मी ते पाहिले.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारले, "दोरा कुणी ओढला होता का? ओढला असेल तर गळ हलून अन्ननलिका फाटलेली असू शकते, मग मला वेगळ्या तयारीने आत जावे लागेल. नीट आठवून सांगा."

आता बोलायला हवे होते. रेवडीचा जीव माझ्या एका शब्दावर होता. समोर टेबलावर तिचे पोट भराभर वर-खाली होत होते. आणि शेजारी अनसाबाई उभ्या होत्या. त्यांच्या देखत तो शब्द माझ्या जिभेवर येईना.

"नाही," मी म्हणाले.

डॉक्टर वळणार तोच अनसाबाई पुढे झाल्या. "डॉक्टरसाहेब, वढला असंल असंच धरून चला. जनावराचं काय सांगावं. वढल्यागतच बगा."

त्यांनी मला खोटे पाडले नाही आणि रेवडीलाही मरू दिले नाही. एकाच टाक्यात दोन्ही कडा सांधल्या. डॉक्टर त्या तयारीने आत गेले. अन्ननलिका खरोखर फाटली होती. गळ निघाला, रेवडी वाचली. फक्त तिचे भुंकणे बदलले. पूर्वी ती खणखणीत भुंके, त्यानंतर तिचा आवाज घोगरा झाला, ओल्या लाकडावर करवत चालवल्यासारखा. फाटकापाशी कुणी आले की मला तो आवाज ऐकावा लागतो. पोस्टमन येतो, दूधवाला येतो, आणि दर वेळी मला माझे 'नाही' ऐकू येते.

अनसाबाईंनी तो विषय कधी काढला नाही. मीही काढला नाही. पोलकी टाकायला जात राहिले. त्या माप घेत राहिल्या. त्यांच्या गप्प राहण्याचाही मला हेवा वाटे. माझ्या हाती कुणाचे असे गुपित असते, तर मी निदान एकदा तरी ते डोळ्यांतून दाखवले असते.

मग त्यांची नजर गेली. आधी सुईत दोरा ओवेना, मग तिरप्या उन्हातही तंगूस दिसेना. मुलीने चकलांब्याला बोलावले. निघायच्या आदल्या दिवशी त्या नजर होती तेव्हा शिवलेले माझे शेवटचे पोलके घेऊन आमच्याकडे आल्या. व्हरांड्यात बसल्या. रेवडी त्यांच्या पायांशी जाऊन बसली, आणि त्यांनी पहिल्यांदाच तिला हाड म्हटले नाही.

बशीतला चहा संपवून, बशीच्या तळाशी पाहून त्या म्हणाल्या, "आमच्या आईकडं एक तलंग व्हती म्याडम. पहिल्या अंड्यावर आलेली कोंबडी. आई शिवायची, म्या खाली पडलेला दोरा उचलायचा, आसं काम व्हतं माझं. एक दिस म्या खेळायच्या नादात उचलला न्हाई. तलंगीनं गिळला. दोऱ्याला सुई व्हती."

रेवडीने जांभई दिली. दूर धरणावर टिटवी ओरडत होती.

"चोचीतून दोरा लोंबत व्हता. म्या वढला. आई आली, म्हणली, अनसे, वढलास का गं? म्या म्हणलं, न्हाई." त्यांनी बशी खाली ठेवली. "त्या दिसापून जमिनीवर दोरा दिसला की मला बसवत न्हाई बगा."

त्या माझ्या बोटाकडे पाहत नव्हत्या. आता त्यांना ते दिसलेही नसते. त्यांनी दार उघडून दिले होते, मला फक्त आत पाऊल टाकायचे होते. 'अनसाबाई, मीच ओढला होता.' एवढे चार शब्द. पण मी बसून राहिले, आणि काय वाटत होते म्हणाल तर पुन्हा तेच. त्या अपराधात आणि त्यावरच्या खोट्यातही अनसाबाई माझ्या आधी जाऊन आल्या होत्या. आणि तिथून परतताना त्यांनी जन्मभराचे काम बरोबर आणले होते. मी एक घोगरा आवाज आणला होता.

"पोलकं घालून बगा," त्या उठत म्हणाल्या. "डावा खांदा उचलून दिलाय जरा."

त्यानंतर त्या मला एकदाच दिसल्या. बीडच्या बसस्थानकावर मी जालन्याच्या गाडीत खिडकीशी बसले होते. डिझेलचा, उसाच्या रसाचा आणि तापलेल्या रबरी चटईचा वास. समोर चकलांब्याच्या वाटेवरची गेवराईची गाडी लागलेली, दाराशी रेटारेटी. त्या गर्दीतून एक बाई पायाला काही लागल्यासारख्या बाजूला सरल्या आणि खाली बसल्या. दोन्ही चष्मे नव्हते. तळहात फरशीवर पसरून त्या काहीतरी चाचपत होत्या. जवळच एक कुत्रे निजले होते, त्याच्या मागच्या पायाशी पतंगाच्या मांजाचा गुंता पडला होता. चाचपत चाचपत तळहात तिथे पोहोचला.

"ओ आजी," कंडक्टर ओरडला, "चढा की! काय हरवलं?"

"माझं न्हाई हरवलं," अनसाबाई म्हणाल्या. "कुणाचं तरी हाय." आणि अंगठा व करंगळी यांच्यात त्यांनी तो दोरा चाराच्या आकड्यासारखा गुंडाळायला घेतला.

माझी गाडी सुरू झाली. मी खिडकीतून बाहेर झुकले आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांना जोरात हाक मारली. "अनसाबाई!" मग, इंजिनाच्या आवाजात, शेजारचा प्रवासी माझ्याकडे पाहत असताना, मी ते चार शब्द म्हणाले.

त्यांना ते ऐकू गेले असतील असे वाटत नाही. हाक मात्र पोहोचली होती. त्यांनी मान वर केली, दोरा गुंडाळलेला हात उंचावला आणि ओळखीचे, सगळे ठाऊक असलेले हसू हसल्या. पण दिशा चुकली. त्यांचा चेहरा माझ्या गाडीकडे नव्हता, शेजारच्या फलाटावरच्या गाडीकडे होता. तिथे खिडकीशी बसलेल्या, मला अनोळखी असलेल्या एका बाईने गोंधळून त्यांना हात केला.

गाडी वळली. जालना येईपर्यंत मला त्या बाईचा हेवा वाटत राहिला.